नखाएवढ्या जागेत एक कोटी वीस लाख विहिरी

कॅननचा पॉवरशॉट एसएक्स260 एचएस घ्या. 2012 सालचा, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. अजूनही कित्येक घरांत कपाटाच्या कप्प्यात पडून असेल. त्याच्या पोटातला सेन्सर आहे फक्त 6.17 मिलिमीटर रुंद आणि 4.55 मिलिमीटर उंच. करंगळीचं नख! आणि त्या नखावर आडवे 4000, उभे 3000 पिक्सेल. करा गुणाकार. 1 कोटी 20 लाख! 2011च्या जनगणनेत बृहन्मुंबईत माणसं होती 1 कोटी 24 लाख. म्हणजे जवळजवळ अख्खी मुंबई, माणशी एक पिक्सेल, नखावर बसवलेली.

पटत नाही? मग एकेका पिक्सेलची खेळायची गोटी करू. 16 मिलिमीटरची, नेहमीची. सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने गोटीला गोटी चिकटवत निघू. ठाणे गेलं, कल्याण गेलं, कर्जत गेलं, खंडाळ्याचा घाट चढलो, लोणावळा मागे पडलं, तरी गोट्या आहेतच. शेवटची गोटी ठेवायची ती 192 किलोमीटरवर, थेट पुणे स्टेशनात!

आता याच कॅमेऱ्यात डिजिटल झूम चौपट करा. तो काही लांबचं जवळ आणत नाही. मधला सोळावा हिस्सा ठेवतो, बाकीचं कापून टाकतो आणि उरलेलं ताणतो. उरतात साडेसात लाख. आपली गोट्यांची रांग दादर ओलांडते आणि कुर्ला यायच्या आत संपते. पुण्याला निघालेला माणूस कुर्ल्यालाही पोचत नाही, मग फोटो फाटेल नाहीतर काय होईल? मेनूत जाऊन डिजिटल झूम कायमचा बंद करा आणि चार पावलं पुढे चाला. फुकटात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक पिक्सेल म्हणजे प्रकाश साठवणारी विहीर, आणि विहिरीचं तोंड दीड मायक्रॉनचं. डोक्यावरचा एक केस या सेन्सरवर आडवा ठेवला, तर त्याच्या जाडीत अशा पंचेचाळीस विहिरी शेजारी शेजारी मावतील! यांत पाऊस पडायचा तो फोटॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या कणांचा. एक वॅट हिरवा प्रकाश घ्या. एका सेकंदात त्यातून निघणारे फोटॉन म्हणजे 28वर 17 शून्यं. फोटॉनमागे एक रुपया धरा. भारत सरकारचा 2025-26चा अर्थसंकल्प साधारण 50 लाख कोटींचा. एका वॅटच्या एका सेकंदात असे 55 हजार अर्थसंकल्प! आणि एवढ्या कुबेराच्या धनातून संध्याकाळच्या खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्याच्या विहिरीत किती पडतात? 100 पडले असं धरू.

शंभर फोटॉनमध्ये दहाएकांची घटबढ निसर्गत:च होते. इथे दहा जास्त, शेजारी दहा कमी. आपण ज्याला दाणे म्हणतो, ते हेच. आता आयएसओ 1600वरून 100वर आणा आणि शटर तितकंच जास्त वेळ उघडं ठेवा. प्रकाश सोळापट, 1600 फोटॉन, घटबढ चाळीसची. दहा टक्क्यांचं झालं अडीच टक्के! काळ्या शर्टावरचे रंगीबेरंगी ठिपके विरतात आणि विणीचा धागा दिसू लागतो.

शटर जास्त वेळ उघडं, म्हणजे हात हलणार. किती हलला तर चालतो? हिशेब थरकाप उडवणारा आहे. झूम न करताही कॅमेऱ्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा 0.034 मिलिमीटरने सरकलं, की चित्र एक पिक्सेल सरकतं. अर्धा केस! आणि भिंगाचा झूम वीसपट केला तर याचाही विसावा भाग. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या पाव हिश्शाएवढी हालचाल! श्वास घेतला तरी हात याहून जास्त हलतो. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बरंच सावरून घेतं, पण मला विचाराल तर कठडा, पाठीमागची भिंत, तांदळाची पिशवी, काहीही चालेल, कॅमेरा टेकवाच.

आणि टेकवलात की बघा काय हाती लागतं! या कॅमेऱ्याचं शटर 15 सेकंद उघडं राहू शकतं. एक साठांश सेकंदाच्या नऊशेपट! सेकंदाच्या हजाराव्या भागात प्रकाश रस्त्याने मुंबईहून पुण्याला जाऊन परतसुद्धा येतो. या पंधरा सेकंदांत अशा पंधरा हजार खेपा होतात. थंडीतल्या रात्री कॅमेरा व्याध ताऱ्याकडे रोखा. त्याचा प्रकाश 8.6 वर्षं चालत आलेला, तब्बल 81 लाख कोटी किलोमीटर! हेच अंतर ताशी शंभरच्या गाडीने कापायचं, तर गाडी सव्वानऊ कोटी वर्षांपूर्वी सुटायला हवी होती. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते आणि सह्याद्रीचा काळा कातळ अजून घडलाही नव्हता! इतकं चालून आलेला तो प्रकाश सव्वा मिलिमीटरच्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या दारातून आत शिरतो आणि एक कोटी वीस लाख विहिरींतल्या नेमक्या मोजक्या विहिरींत उतरतो. आणि तेवढ्यात तुमचं बोट बटणावरून उचलताना कॅमेरा अर्ध्या केसाने डगमगला, तर तो भलत्याच विहिरीत!

म्हणून दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावा, बटण दाबा आणि हात मागे घ्या.