पावसातलं बर्गन, बोट सुटायच्या आधी

मुंबईत वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, जवळपास तेवढाच नॉर्वेतल्या बर्गनमध्ये पडतो. दोन्हीकडे सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास. फरक वाटणीचा. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करून निघून जातो, बर्गनचा बारा महिने थोडाथोडा येतच राहतो. २००६च्या २९ ऑक्टोबरपासून २००७च्या २१ जानेवारीपर्यंत तिथे सलग ८५ दिवस पाऊस नोंदला गेला. ही नोंद ठेवणारं केंद्र शहराच्या ज्या भागात आहे, त्या भागाचं नाव फ्लोरिडा. बर्गनकरांना यात काही विनोदी वाटत नाही. पाहुण्यांना वाटतं.

आपल्याकडचे बहुतेक प्रवासी या शहराकडे बोटीचा फलाट म्हणूनच पाहतात. आदल्या दिवशी उतरायचं, सकाळी मासळीबाजार, दुपारी डोंगरावर जाणारी केबल रेल्वे, रात्री बोट आणि पुढे फ्योर्ड. आमचा बेतही तोच होता. सकाळपासून कोसळणाऱ्या पावसाने तो मोडला आणि आम्हाला छपराखाली पिटाळलं. त्या दिवसाची टिपणं आता पुन्हा चाळताना वाटतं, फ्योर्ड सुंदर होतेच; पण सफरीतलं जे डोक्यात टिकून राहिलं, ते या भिजक्या दिवसातलं.

बर्गन सात डोंगरांच्या कुशीत आहे. अटलांटिकवरून येणारे ओले वारे या डोंगरांना आदळून वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मात्र या पावसाची विद्याही याच शहरात घडली, हे तिथे जाईपर्यंत माझ्या ध्यानात नव्हतं. १९१७ साली विल्हेल्म ब्यर्कनेस हे शास्त्रज्ञ बर्गनला आले. पहिलं महायुद्ध चालू होतं, परदेशातून हवामानाच्या खबरा येईनाशा झाल्या होत्या आणि मच्छीमारांना, शेतकऱ्यांना अंदाज तर हवे होते. ब्यर्कनेस यांनी किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं विणलं. त्या नोंदींतून त्यांचा मुलगा याकोब आणि इतर तरुण सहकाऱ्यांनी गरम आणि थंड हवेच्या सीमारेषांचा सिद्धान्त मांडला. युद्धाचे दिवस होते, म्हणून त्या सीमारेषेला नावही रणांगणावरचंच मिळालं : फ्रंट. आज नकाशावर दातेरी रेघा काढून अंदाज सांगितला जातो, त्या रेघा बर्गनच्या.

याकोब ब्यर्कनेस पुढे अमेरिकेत गेले आणि १९६९मध्ये त्यांनी एल निनोचा संबंध प्रशांत महासागरावरच्या वाऱ्यांच्या चक्राशी जोडून दाखवला. त्या चक्राला त्यांनी नाव दिलं वॉकर यांचं. हे गिल्बर्ट वॉकर म्हणजे १९०४पासून वीस वर्षं भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख, आपला मोसमी पाऊस का दगा देतो याचा शोध घेता घेता जगभरचे आकडे पालथे घालणारे. आज विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी ‘यंदा एल निनो आहे’ म्हणतो, त्यामागे सिमल्यात बसलेला एक इंग्रज आहे आणि बर्गनच्या पावसात घडलेला एक नॉर्वेजियनही. पर्यटकांसाठी मात्र या कथेचं फारसं काही मांडलेलं दिसलं नाही. सुव्हेनिरच्या दुकानांत राक्षसांच्या बाहुल्या आहेत, ब्यर्कनेस नाहीत.

मासळीबाजारात पाच मिनिटं पुरली. जागा शेकडो वर्षांची. पण आता तिथे मासळी घेऊन घरी जाणारा स्थानिक माणूस क्वचितच दिसतो. खेकडे आहेत, भाव आहेत आणि आ वासलेले आपण आहोत. बाजार सोडून आम्ही बंदराच्या दुसऱ्या काठाला गेलो. तिथे ब्रिगेन आहे.

लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची ही रांग प्रत्येक कॅलेंडरवर असते. कॅलेंडरवर नसतो तो घरांच्या पोटातला अंधार. दोन रांगांच्या मधल्या फळ्यांच्या बोळात शिरलं की वरच्या सज्जांतून पाणी ठिबकत असतं आणि ओल्या लाकडाचा वास येतो. साधारण १३६०पासून जर्मनीतल्या हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांची वखार इथे होती. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरून सुका कॉड मासा यायचा, त्याच्या बदल्यात धान्य जायचं. हा कॉड मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवलेला. आपल्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर वाळणाऱ्या बोंबलाचा थंडीतला भाऊबंदच. युरोपातल्या उपासाच्या दिवसांना मांस चालत नसे, मासा चालत असे. या एका नियमावर इथल्या वखारी श्रीमंत झाल्या. वखारीतल्या जर्मनांना लग्न करायची मनाई होती. त्याहून कडक नियम विस्तवाचा : लाकडी इमारतीत चूल नाही, शेकोटी नाही. या हवेत, या ओलीत, उमेदवारीची पोरं बिनशेकोटीच्या खोल्यांत झोपायची. ऊब आणि गरम जेवण मिळायचं ते मागच्या बाजूच्या वेगळ्या सभागृहांत. ही सभागृहं नक्की पाहावीत. त्यांत उभं राहिलं की बाहेरच्या रंगीत रांगेचा भपका उतरतो.

इतकं जपूनही आग लागायचीच. १७०२च्या आगीत शहराचा बहुतेक भाग जळाला. आज दिसणारी ब्रिगेनची घरं त्यानंतर जुन्याच आराखड्यावर उभी राहिलेली. १९१६मध्ये शहराचा मध्यभाग जळाला. १९४४च्या २० एप्रिलला, जर्मन ताब्यातल्या बंदरात, स्फोटकांनी भरलेली एक डच बोट उडाली. दीडशेहून अधिक माणसं मेली आणि तेराव्या शतकातल्या होकोन राजाच्या दगडी दरबाराचं छप्पर गेलं. तो दरबार दुरुस्त करून १९६१मध्ये पुन्हा उघडला.

मग १९५५चा जुलै. उरलेल्या ब्रिगेनचा मोठा भाग पुन्हा आगीत गेला. ‘आता राहिलेली लाकडंही पाडून टाका’ म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. पण जळक्या जागेवर आस्ब्यर्न हेर्टेग या पुरातत्त्वज्ञाने खणायला घेतलं आणि ते काम तेरा वर्षं चाललं. जमिनीतून सहाशेहून अधिक रूनलिपीतले लेख निघाले, बहुतेक लाकडाच्या काटक्यांवर कोरलेले : मालाच्या चिठ्ठ्या, प्रार्थना, प्रेमाचे निरोप, एका काटकीवर तर ‘गीडा तुला घरी बोलावतेय’ अशा अर्थाचा निरोप. रूनलिपी म्हणजे राजांच्या आणि वीरांच्या शिळांवरची लिपी, ही समजूत या काटक्यांनी मोडली. बाजारातला माणूसही लिहीत होता. ‘ब्रिगेन्स म्युझियम’मध्ये ते लेख पाहताना बाहेरच्या पावसाचा विसर पडला. १९७९मध्ये ब्रिगेन जागतिक वारसा यादीत गेलं आणि पाडायची भाषा थांबली.

या काटक्या शतकानुशतकं टिकल्या कशा? ओलीमुळे. पाण्याने भरलेल्या जमिनीत हवा शिरत नाही आणि हवा नसली की लाकूड कुजत नाही. पुढे शेजारच्या नव्या बांधकामामुळे भूजल उतरलं, जमिनीतले जुने सेंद्रिय थर वाळून कुजू लागले आणि वारशाची घरं वर्षाला काही मिलिमीटर खचू लागली. उपाय काय, तर पडणारा पाऊस गटारात न घालवता जमिनीत मुरवायचा आणि भूजलाची पातळी वर आणायची. त्यासाठी पाझरखड्डे आणि पाणी जिरवणाऱ्या बागा केल्या गेल्या. ज्या पावसाला आम्ही सकाळपासून बोल लावत होतो, तोच या घरांचा पाया धरून आहे. बर्गनचं वाटोळं जेव्हा जेव्हा झालं, ते आगीने झालं. हे कळल्यावर पावसाबद्दल तक्रार करायची थोडी लाज वाटायला हवी. मला वाटली नाही, कारण मोजे ओले होते.

फ्लॉयेन डोंगरावर जाणारी १९१८ची केबल रेल्वे काही मिनिटांत तीनशे मीटर वर नेते. त्या दिवशी वर ढगाशिवाय काही नव्हतं, तरी रांग होती.

संध्याकाळी धक्क्यावर पोचलो. हुर्टिग्रुटेन या बोटसेवेचं नाव आज क्रूझसाठी खपतं. पण जन्म झाला तो टपालासाठी. ट्रॉन्डहाइमहून उत्तरेच्या हामरफेस्टला पत्र जायला हिवाळ्यात पाच-पाच महिने लागत. अंधारात या किनाऱ्याने बोट हाकणं मूर्खपणा मानला जाई. रिचर्ड विथ या कप्तानाने दिशा, वेग आणि वेळ यांची टिपणं नेटाने जमवली आणि २ जुलै १८९३ रोजी ‘वेस्टरोलेन’ ही बोट ट्रॉन्डहाइमहून सोडली. १८९८मध्ये मार्ग बर्गनपर्यंत आला. आज तो किर्केनेसपर्यंत जातो, वाटेत चौतीस बंदरं घेतो आणि २०२१पासून दोन कंपन्या तो चालवतात. मध्यरात्री एखाद्या गावाला बोट लागते, कुणी शाळकरी मुलगी उतरते, दोन-चार खोकी चढतात. पोहण्याचे तलाव आणि कॅसिनो घेऊन येणाऱ्या राक्षसी जहाजांपेक्षा मला हा प्रकार शतपट आवडला. त्या जहाजांची गर्दी बर्गनलाही जड झाली आहे. एका दिवशी किती जहाजं आणि किती प्रवासी यावेत, यावर शहराने मर्यादा घातली ती उगाच नाही.

तुम्ही जाणार असाल, तर बोटीच्या आधी एक अख्खा दिवस बर्गनला द्या आणि अंदाज पाहून तो दिवस रद्द करू नका. छत्री नेऊ नका, तिथला वारा ती टिकू देत नाही. टोपीचा चांगला रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट घ्या. हान्सा संग्रहालयाची जुनी इमारत २०१८पासून दुरुस्तीसाठी बंद होती, उघडली आहे का ते निघण्यापूर्वी पाहून घ्या. आणि मोज्यांचा एक जास्तीचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.