नदीची तब्येत सांगणारे किडे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाजवळ उगम पावणारी दहिसर नदी उद्यानाबाहेर पडताच सांडपाण्याने काळवंडते. पाणी किती बिघडलंय, हे दगडाखालचे इवलेसे जीवही सांगतात.

🔹 मेफ्लाय, स्टोनफ्लायची पिल्लं : पोटावरच्या किंवा पायांजवळच्या नाजूक कल्ल्यांनी श्वास घेतात. भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. ती दिसली तर पाणी चांगलं.
🔹 चतुर, टाचणीची पिल्लं : थोडं प्रदूषण सोसतात.
🔹 लाल कायरोनोमिड अळ्या, ट्युबिफेक्स कृमी : अंगात हिमोग्लोबिन, म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी तगतात. फक्त हेच उरले तर धोक्याची खूण.

रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी दाखवते. हे जीव मात्र आठवडे, महिने तिथेच राहतात, त्यामुळे रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणीही त्यांच्यामुळे उघडकीला येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत जीवांची सहनशक्ती आणि विविधता यांना गुण देऊन पाण्याचे ‘अ’ ते ‘इ’ असे पाच वर्ग ठरतात.

उद्यानात फक्त निरीक्षण करा, काही उचलू नका. बाहेरच्या पात्रात अनवाणी उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस या आजाराची भीती असते. पोयसर, ओशिवरा, मिठी या नद्याही याच परिसरातल्या डोंगरांतून येतात. आपल्या नदीचे हे रहिवासी ओळखायला शिकूया!