ऑनलाइन प्रशिक्षणवर्गातील वगळलेल्या स्लाइड्स : त्यांचे काय करावे?

वैद्यबंधू-भगिनी व औषधालय-मालक यांच्यासाठी ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग तयार करण्याचे काम आता अनेक ठिकाणी होत आहे. स्लाइड कशी करावी, ध्वनिमुद्रण कसे घ्यावे, याविषयी पुष्कळ सांगितले जाते. परंतु परिश्रमपूर्वक तयार केलेल्या आणि प्रत्यक्ष पाठात न घेतलेल्या स्लाइड्सचे पुढे काय करावे, याचा विचार सहसा होत नाही. आमच्या एका चुकीमुळे तो आम्हांला करावा लागला.

औषधालय-मालकांसाठी ‘औषधकल्पांचा सवीर्यता-अवधी’ हा पाठ आम्ही तयार करीत होतो. एका स्लाइडवर शार्ङ्गधरसंहितेतील मत दिले होते : चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह एका वर्षानंतर; आसव, धातू व रस मात्र जुने झाले असता गुणयुक्त होतात. दुसऱ्या स्लाइडवर १९४५ च्या औषध नियमावलीतील नियम १६१-बी होता. त्यानुसार चूर्णाची मुदत २ वर्षे, तर आसव-अरिष्टांची १० वर्षे आहे. पाठ लांबू लागला म्हणून पहिली स्लाइड आम्ही ‘लपवली’ आणि निश्चिंत झालो.

पुढे तीच फाइल टिपण म्हणून छापून वाटण्यात आली. लपवलेली स्लाइडही छापली गेली. तिच्यासोबत निवेदन नव्हते. काही दिवसांनी एका औषधालय-मालकांचा दूरध्वनी आला : “अरिष्ट जितके जुने तितके चांगले, असे आपणच लिहिले आहे. मग मुदत संपलेल्या बाटल्या विक्रीतून का काढायच्या?” त्यांचा प्रश्न रास्त होता. ग्रंथवचन योग्य होते, नियमही योग्य होता. परंतु दोहोंचा संबंध सांगणारे वाक्य कोठेच नव्हते. विक्रीच्या बाटलीस तिच्यावर छापलेली मुदतच बंधनकारक असते, हे आम्ही त्यांना सांगितले आणि सर्व प्रशिक्षणार्थींना शुद्धिपत्र पाठविले.

लपवणे म्हणजे काढणे नव्हे

पॉवरपॉइंटमध्ये लपवलेली स्लाइड केवळ सादरीकरणात दिसत नाही. फाइल उघडणाऱ्यास ती दिसते; छपाईच्या वेळी लपवलेल्या स्लाइड्स छापण्याची खूण तशीच राहिल्यास ती कागदावरही येते. म्हणून ‘लपवा’ ही सोय संपादन चालू असेपर्यंतच वापरावी. प्रशिक्षणार्थींकडे जाणाऱ्या प्रतीत एकही लपवलेली स्लाइड असू नये.

वर्गीकरण

वगळलेली प्रत्येक स्लाइड पुढीलपैकी एका वर्गात घालावी, असा नियम आम्ही केला आहे.

१. त्याज्य : चुकीची, जुन्या नियमावर आधारलेली किंवा दुसऱ्या स्लाइडने अनावश्यक ठरलेली. ती पुसून टाकावी. ‘असू द्यावी, पुढे लागेल’ हा मोह येथे धरू नये.

२. संग्राह्य : आशय योग्य, परंतु प्रस्तुत पाठात अप्रस्तुत. ती स्वतंत्र संग्रह-फाइलमध्ये हलवावी.

३. पुरवणी : पाठात वेळ नाही, परंतु प्रशिक्षणार्थीस उपयोगी. ती स्वतंत्र शीर्षक व पुरेसे स्पष्टीकरण देऊन उघडपणे पुरवणीत द्यावी.

संग्रहातील स्लाइडवर आपण औषधाच्या बरणीवर लावतो तशी चिठ्ठी हवी. स्लाइडखालील टिपणाच्या जागेत विषय, मूळ पाठ, आधारग्रंथ किंवा नियम, तयार केल्याचा दिनांक आणि वगळण्याचे कारण लिहावे. ‘नवीन’, ‘शेवटची’, ‘शेवटची-२’ अशा नावांच्या फाइल्समधून वर्षभराने काहीही हाती लागत नाही. ग्रंथाधारित स्लाइड दीर्घकाळ टिकते. परवाना, लेबल किंवा मुदत यांविषयीची स्लाइड मात्र नियम बदलताच निर्वीर्य होते. अशा स्लाइड्स वर्षातून एकदा मूळ नियमाशी ताडून पाहाव्यात.

प्रश्नपत्रिकेची विशेष काळजी

प्रश्नांच्या स्लाइड्स वगळताना अधिक सावध असावे. पाठ्यक्रम तयार करण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये प्रश्न प्रशिक्षणार्थीस दिसत नसला, तरी तो निकालाच्या स्लाइडला जोडलेला राहू शकतो. समजा, २० प्रश्नांपैकी ५ वगळले, परंतु एकूण गुण २० प्रश्नांचेच राहिले. मग सर्व १५ उत्तरे अचूक देणाऱ्यासही ७५ टक्केच मिळतील. उत्तीर्णतेची मर्यादा ८० टक्के असल्यास कोणीही उत्तीर्ण होणार नाही. याउलट, ज्या स्लाइडवर एखाद्या प्रश्नाचे उत्तर आहे तीच वगळली, तर न शिकविलेल्या विषयावर परीक्षा घेतल्यासारखे होते. म्हणून स्लाइड काढताना तिच्यावर आधारलेला प्रश्न, तिच्याकडे नेणारी कळ आणि निवेदनातील ‘मागील स्लाइडवर पाहिल्याप्रमाणे’ यांसारखी वाक्येही तपासावीत.

अंतिम प्रत तयार झाल्यावर, ती ज्यांनी तयार केली नाही अशा एका सहकाऱ्याने प्रशिक्षणार्थी या नात्याने प्रथमपासून शेवटपर्यंत पाहावी. हा अर्धा तास आम्ही त्या वेळी वाचविला होता; शुद्धिपत्र पाठविण्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला.

शार्ङ्गधरांच्या मताची ती स्लाइड आम्ही पुसली नाही. ती आता पाठात आहे. तिच्या शेजारी नियम १६१-बी आहे, आणि दोहोंखाली एक ओळ आहे : ‘विक्रीसाठी बाटलीवरील मुदत पाळावी.’