लवकर येणारा शाबूकंद

श्रोतेहो, एकादशीच्या साबुदाण्याशीं आपला सर्वांचा परिचय आहे. परंतु तो ज्या कंदापासून होतो, त्याची ओळख आपल्याकडे थोड्यांनाच असते. शाबूकंद, टॅपिओका, कसावा अशीं त्याचीं नांवें आहेत. मूळचा तो दक्षिण अमेरिकेंतला. पोर्तुगीजांनीं तो मलबार किनाऱ्यावर आणला, आणि १८८० ते १८८५ या काळांत त्रावणकोरच्या गादीवर असलेले महाराज विशाखम् तिरुनाळ यांनीं त्याच्या लागवडीस उत्तेजन दिलें. १९४२ सालीं ब्रह्मदेशचा तांदूळ येईनासा झाला, तेव्हां याच कंदावर तेथील गोरगरिबांनीं दिवस काढले.

या पिकाची मोठी अडचण म्हणजे वेळ. पुष्कळ जुन्या वाणांचा कंद भरावयास दहा महिने लागतात. भाताचें एक पीक काढून त्याच शेतांत, त्याच वर्षीं कंद घ्यावयाचा, तर तो सहा-सात महिन्यांत तयार झाला पाहिजे. उशिरा भरणारा वाण घाईनें खणला, तर कंद बारीक निघतो व पीठहि कमी पडतें.

मग लवकर येणारा आणि भरघोस देणारा वाण शोधावा कोठें? उत्तर असें कीं, प्रथम जे आहेत ते सारे वाण एकत्र करून पारखावे. कोलंबियांत पामिरा येथें अशा सुमारें ६,००० वाणांचा संग्रह आहे. आपल्या देशांत हें कार्य तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम् येथील, १९६३ सालीं स्थापन झालेली, केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था करते.

पारख कशी करावयाची, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. एका वाणाचें झाड सहाव्या महिन्यांत दोन किलो कंद देतें व दहाव्यांत अडीच. दुसऱ्याचें सहाव्यांत एक, पण दहाव्यांत चार. केवळ दहाव्या महिन्यांत खणणारा परीक्षक पहिल्यास टाकाऊ ठरवील, आणि नेमका हवा तोच गुण गमावील. म्हणून कांहीं झाडें लवकर व कांहीं उशिरा खणतात. झाडाच्या एकंदर वजनांत कंदांचा वांटा किती, हें पाहतात. कारण पानोळा वाढला म्हणजे कंद वाढलाच, असें नाहीं. कंद हवेंत व पाण्यांत तोलून पिठाचा अंदाज घेतात. कडू वाणांत विषारी द्रव्य अधिक असतें, तेंहि मोजतात. आणि पांढऱ्या माशीनें पसरणाऱ्या मोझाइक रोगास कोण दाद देत नाहीं, याची नोंद ठेवतात.

यानंतर गुणांनीं परस्परांस पूरक व शक्यतों दूरच्या कुळांतले वाण निवडून त्यांचा संकर करतात. संकराच्या प्रत्येक बीजाचें रोप निराळें निघतें. त्यांतलें उत्तम रोप सांपडलें, कीं त्याच्या खोडाचे तुकडे लावले म्हणजे तेच गुण पुढें टिकतात. मात्र एका झाडापासून तुकडे थोडेच मिळत असल्यानें वाण शेतकऱ्यापर्यंत जाण्यास वर्षें लागतात.

कधीं संकराचीहि गरज पडत नाहीं. श्रीकार्यमहून १९९८ सालीं प्रसृत झालेले ‘श्रीजया’ व ‘श्रीविजया’ हे सहा-सात महिन्यांत येणारे वाण देशी संग्रहांतूनच निवडलेले आहेत. कोणा शेतकऱ्यानें परसांत राखलेला वाण संग्रहांत पोंचला, म्हणूनच अशी निवड करतां येते. ज्याची लागण बंद पडली आणि ज्याचा तुकडा कोणीं जपला नाहीं, तो वाण कायमचा गेला. म्हणून, श्रोतेहो, आज निरुपयोगी भासणारा वाणहि राखून ठेवणें हा वायफळ खर्च नव्हे. उद्यांच्या अन्नाची ती बेगमी आहे.