लिपीवाचून अडत नाही
ऑस्ट्रेलियाचे स्टीव्हन बर्ड हे संगणकीय भाषाविज्ञानाचे अभ्यासक. १९९०च्या दशकात त्यांनी कॅमेरूनमध्ये सुरांच्या चढउतारानं अर्थ बदलणाऱ्या भाषा अभ्यासल्या. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एडवर्ड लोपर यांच्यासह २००१मध्ये ‘एनएलटीके’ हे संगणकावर भाषा अभ्यासण्याचं मोफत सॉफ्टवेअर घडवलं. त्यावर जगभर हा विषय शिकवला जातो. मला मात्र त्यांचं ‘आयकुमा’ हे मोबाइल ॲप अधिक मोलाचं वाटतं. त्यावर आजी आपल्या बोलीत गोष्ट सांगते; दुसरं कुणीतरी ती तुकड्यातुकड्यानं ऐकत मोठ्या भाषेत तोंडीच उलगडतं. लिपी नसलेली भाषाही अशी जपता येते. बर्ड आता डार्विन शहरातल्या चार्ल्स डार्विन विद्यापीठात प्राध्यापक असून आदिवासी समाजांसोबत काम करतात. आणि हो, त्यांच्या ‘एनएलटीके’मध्ये शब्दांच्या जाती नोंदवलेली मराठी वाक्यंही आहेत.