चाकांची बखर – भाग ९ : टाट्रा ७७

टाट्रा ७७ ही मोटार मार्च १९३४ मध्ये प्राग शहरात प्रथम लोकांसमोर आली. मोराव्हियातील कोप्रझिव्नित्से येथील टाट्रा कारखान्यात हान्स लेडविंका आणि एरिख युबेलाकर यांनी ती घडवली. बाह्याकार पाउल याराय यांच्या सिद्धान्तांवर बेतलेला होता. गेल्या भागातले, झेपेलिन वायुनौकांचे याराय ते हेच.

वारा समोरून कापण्याइतकेच तो मागे गडबड न करता सुटणेही महत्त्वाचे, असे याराय यांचे म्हणणे. त्यासाठी छप्पर उतरत जाऊन शेपटीसारखे निमुळते व्हायला हवे. पण त्या काळी इंजिन पुढे असे आणि ओढ मागच्या चाकांना. मधला लांब शाफ्ट आसनांखालून जाई, त्यामुळे गाडीचा तळ उंच राही. लेडविंका यांनी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मागे नेले. शाफ्ट गेला, गाडी खाली बसली आणि एरवी वाया जाणारी शेपटीतली जागा कामी आली. आठ सिलिंडरांचे ते व्ही-आकाराचे इंजिन जेमतेम ३ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे, तरीही सहा माणसांची ही गाडी ताशी सुमारे १४० किलोमीटर धावे. ही करामत इंजिनाची कमी, आकाराची जास्त.

देवासच्या एका वाचकाने विचारले आहे : मागे कोंडलेल्या इंजिनाला वारा कुठून मिळे? त्यात पाणी नव्हतेच. पंखे बाहेरची हवा खेचून सिलिंडरांभोवतीच्या पात्यांवरून फिरवत. किंमत मोजावी लागे ती चालकाला. मागच्या काचेच्या जागी झरोक्यांचे झाकण आले आणि आरशात मागचा रस्ता जवळजवळ दिसेनासा झाला.

खरा दोष मात्र वजनाचा. मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरूनही भार मागेच राहिला. त्यात मागच्या चाकांचे अर्धे आस वरखाली झुलणारे, म्हणून वेगात वळण घेताना शेपूट बाहेर फेकली जाई. १९३५ च्या ७७-अ मध्ये इंजिन ३.४ लिटरचे झाले, दोष कायम राहिला. पुढच्या टाट्रा ८७ ने गाडी आखूड आणि हलकी करून तो बराच आटोक्यात आणला. ७७ आणि ७७-अ मिळून अडीचशेच्या आसपास गाड्या निघाल्या.

त्याच दशकात देवासपासून पस्तीसेक किलोमीटरवर, इंदूरच्या यशवंतराव होळकरांकडे ड्यूसेनबर्ग आणि अल्फा रोमिओ आल्या. दोन्ही देखण्या, वेगवान, आणि दोन्हींची इंजिने पुढे. मागचे इंजिन आपल्याकडे रुळले ते राजवाड्यात नव्हे, रिक्षात : बजाजने १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली ऑटोरिक्षा आणली.

फोक्सवागन आणि टाट्रा यांच्यातल्या पेटंटच्या भांडणाचे वचन या भागासाठी दिले होते. वाचकाच्या प्रश्नाने जागा घेतली. ते भांडण पुढच्या आठवड्यात.