भिंतीवर टांगलेले कपाट

जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाड असत. वस्तू ठेवण्यासाठी भिंतीतच कोनाडा किंवा फडताळ काढीत आणि खुंट्या बांधकामाच्या वेळीच आत बसवीत. भार पेलण्याचा प्रश्न गवंडी आधीच सोडवून ठेवी. आजच्या कपाटाची गोष्ट निराळी आहे. ते सुट्या फळ्यांच्या रूपाने सपाट खोक्यातून घरी येते, स्क्रूंनी जोडले जाते आणि कशाची बांधली आहे हे ठाऊक नसलेल्या भिंतीवर चढविले जाते. खोक्यातील सूचनापत्रक फळ्या कशा जोडाव्यात ते नेमके सांगते. घरातील भिंत कोणत्या जातीची आहे हे मात्र त्याला सांगता येत नाही. ते घरमालकाने स्वतःच शोधून काढावयाचे असते, आणि कपाटाची सुरक्षितता मुख्यतः त्यावरच अवलंबून असते.

ही काळजी अनाठायी नव्हे. खणांची कपाटे भिंतीला न बांधल्यामुळे कलंडून लहान मुले दगावल्याच्या घटनांनंतर २०१६ साली आयकिया या कंपनीने अमेरिकेत विकलेली अशी सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत बोलावली. मूल खालचे खण ओढून त्यांवर पाय देते, त्यामुळे सारा भार पुढे सरकतो आणि कपाट त्याच्या अंगावर येते. कपाट जमिनीवर उभे असो वा भिंतीवर टांगलेले असो, त्याचा भिंतीशी जोड पक्का असावाच लागतो.

दिल्ली परिसरातील भिंती

या दृष्टीने दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद व फरिदाबाद हा परिसर मोठा उद्बोधक आहे. येथे निरनिराळ्या काळांतील भिंती शेजारी शेजारी आढळतात. स्वातंत्र्यानंतर उभारलेल्या शासकीय वसाहती भाजलेल्या लाल विटांच्या. सरोजिनी नगर, नेताजी नगर इत्यादी सात वसाहतींच्या पुनर्विकासास २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि बैठ्या घरांच्या जागी उंच इमारती उभारण्याचे काम सुरू झाले. औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात विटांसाठी कोळशाच्या राखेचा उपयोग व्हावा, अशी अधिसूचना केंद्र शासनाने १९९९ साली काढली. राखाडी विटांच्या प्रसारास तिने चालना मिळाली. नव्या उंच इमारतींत काही भिंती सलग ओतलेल्या काँक्रीटच्या, तर पुष्कळशा आतल्या भिंती हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. कचेऱ्यांत पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून आडभिंती करतात.

यांपैकी हलका ठोकळा विशेष समजून घेण्याजोगा आहे. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिकसन या वास्तुशिल्पज्ञाने तो सिद्ध केला. चुना, सिमेंट आणि राख किंवा वाळू यांच्या लगद्यात किंचित ॲल्युमिनियमची भुकटी मिसळली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात व लगदा आंबवलेल्या पिठासारखा फुगतो. मग तो दाबाखालील वाफेत पक्का करतात. साधे काँक्रीट घनमीटरला सुमारे २,४०० किलोग्रॅम भरते. हा ठोकळा केवळ ५५० ते ६५० किलोग्रॅम, म्हणजे पाण्याहूनही हलका. इमारतीला हे हलकेपण हितावह असले, तरी स्क्रूला धरावयास येथे घन पदार्थ थोडा आणि हवा फार, हे विसरता कामा नये.

भुकटीची साक्ष

भिंत ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे कपाटाने झाकल्या जाणाऱ्या जागी ड्रिलने एक बारीक छिद्र पाडणे. आरंभीची भुकटी गिलाव्याची असते, ती सोडून द्यावी. त्यानंतर तांबडी भुकटी आल्यास वीट भाजलेली, करडी व खरखरीत आल्यास राखेची समजावी. ड्रिल महत्प्रयासाने पुढे सरकत असेल आणि भुकटी करडी व बारीक असेल, तर भिंत काँक्रीटची आहे. फिकट, मऊ भुकटी भराभर पडून ड्रिल लोण्यात शिरावे तसे शिरल्यास ठोकळा सच्छिद्र आहे. खडूसारखी पांढरी भुकटी येऊन अंगुळभर खोलीनंतर ड्रिल एकाएकी पोकळीत गेल्यास ती जिप्समची आडभिंत होय.

छिद्र पाडण्यापूर्वी भिंतीत दडलेल्या विजेच्या व पाण्याच्या नळ्यांचा विचार करावा. विजेच्या बटणांच्या सरळ रेषेत वर, खाली किंवा आडवे, तसेच नळाच्या थेट वर, छिद्र पाडू नये.

तरफेचा हिशेब

पुष्कळांची अशी समजूत असते की स्क्रूला केवळ खाली ओढणारे वजन पेलावयाचे असते. प्रत्यक्षात अधिक घातक असते ती त्याला भिंतीतून बाहेर उपटणारी ओढ. टांगलेले कपाट ही एक तरफच आहे. त्याची खालची कड टेकूचे काम करते. समजा, कपाट ३० सेंटिमीटर खोल आहे, भरल्यावर त्याचे वजन ४० किलोग्रॅम होते आणि वरचे स्क्रू खालच्या कडेपासून ६५ सेंटिमीटर उंचीवर आहेत. भाराचा मध्य भिंतीपासून १५ सेंटिमीटर अंतरावर धरला, तर ४० गुणिले १५ भागिले ६५, म्हणजे वरच्या स्क्रूंवर मिळून सुमारे ९ किलोग्रॅमची ओढ पडते. आता त्याच खोलीची उघडी फळी घ्या. तिच्यावर निम्माच, म्हणजे २० किलोग्रॅम भार आहे, परंतु ब्रॅकेटचा वरचा स्क्रू खालच्या टोकापासून १२ सेंटिमीटरच उंच आहे. येथे ओढ २५ किलोग्रॅम होते. भार निम्मा असून ओढ पावणेतीन पट! म्हणून उंच ब्रॅकेट, अरुंद फळी आणि जड वस्तू भिंतीलगत, हा नियम पाळावा.

भिंतीप्रमाणे पकड

स्क्रूला भिंतीत पकड देणारी जी नळी दिल्लीचे कारागीर ‘गिट्टी’ म्हणून ओळखतात, तिलाच महाराष्ट्रात ‘रावल प्लग’ म्हणतात. जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने १९११ साली ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न बिघडविता विजेची उपकरणे बसविण्यासाठी ही युक्ती योजली. आजचे मराठी नाव त्याच्याच नावावरून आले. आर्थर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ साली तिला नायलॉनचे रूप दिले. स्क्रू आत शिरताच नळी फुगून भिंतीला घट्ट दाबते.

काँक्रीट आणि भरीव वीट यांत ही नळी उत्तम धरते. ती गिलावा ओलांडून विटेच्या मध्यभागी बसावी. दोन विटांमधील सांध्यात बसवू नये. काँक्रीटमध्ये ड्रिल लोखंडी सळईवर आदळल्यास सळई न कापता छिद्राची जागा बदलावी. भुकटी फुंकून काढल्याखेरीज नळी घालू नये.

सच्छिद्र ठोकळ्यात साधी नळी फुगली की भोवतालच्या पेशी चुरडतात आणि पकड सैल होते. तेथे ड्रिलचा ठोक्याचा भाग बंद ठेवावा, छिद्र किंचित लहान पाडावे व अशा ठोकळ्यांसाठीच बनविलेली लांब किंवा मळसूत्री नळी वापरावी. भार मोठा असल्यास बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन पलीकडे रुंद पट्टी द्यावी. जिप्समच्या भिंतीवर जड कपाट केवळ तक्त्याच्या आधारावर कधीही टांगू नये. आतील उभ्या पट्ट्या शोधून त्यांतच स्क्रू बसवावेत. कोणत्याही भिंतीवर भार अनेक स्क्रूंत वाटून देणारी आडवी लोखंडी पट्टी उपयुक्त ठरते. कपाटाच्या पाठीचा पातळ पत्रा भार घेण्यासाठी नसतो, हेही ध्यानात असावे.

भूकंपाचा विचार

भारतीय मानकाच्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांनी दिल्लीचा समावेश चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या, भूकंपविभागात केला. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे धौला कुआँ परिसरात केंद्र असलेला ४.० प्रतीचा धक्का बसून सारे शहर जागे झाले. अशा वेळी भिंतीवरील वस्तूंना आडवा हिसका बसतो आणि स्थिर भाराला पुरेशी पकड अपुरी पडू शकते. म्हणून पलंगाच्या उशाशी जड फळी नसावी, आणि उंच कपाट वरच्या बाजूस भिंतीला बांधलेले असावे.

काम पुरे झाल्यावर पाणसळ लावून पातळी पाहावी, थोडा थोडा भार चढवून सांध्यांचे निरीक्षण करावे आणि महिन्याभराने स्क्रू पुन्हा तपासावेत. भिंत व कपाट यांच्यामध्ये नवी फट दिसू लागल्यास कपाट त्वरित रिकामे करून पकड नव्याने बसवावी.